पाकिटातून सोनं पाठवण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

फेब्रुवारी २००९ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ‘कॅश फॉर गोल्ड’ या कंपनीची जाहिरात झळकली. टीव्हीवरचे ज्येष्ठ निवेदक एड मॅकमहन आणि रॅपर एम. सी. हॅमर घरातलं सोनं विकायला सांगत होते. मंदीचे दिवस होते, नोकऱ्या जात होत्या आणि सोनं औंसाला ९०० डॉलरच्या आसपास होतं. पुढच्या काही महिन्यांत तशाच धंद्यातल्या अनेक कंपन्यांची पाकिटं घरोघरी येऊ लागली. दागिने आत टाका, टपालपेटीत सोडा, चेक घरी येईल.

त्यातल्याच दुसऱ्या एका कंपनीचं पाकीट मी भरलं. आईने बारशाच्या वेळी घातलेली आणि आता तुटलेली एक साखळी, शिवाय जोडीदार हरवलेली एकच कुडी. वजन केलं नव्हतं. फोटो काढला नव्हता. दोन आठवड्यांनी ५८ डॉलरचा चेक आला. नवऱ्याने तो पगाराच्या चेकबरोबर बँकेत भरून टाकला. पुढे पुण्याहून आईने जुन्या पावत्या पाठवल्या, तेव्हा कळलं की साखळी ८ ग्रॅमची, २२ कॅरेटची होती. त्या दिवसांच्या भावाने नुसत्या साखळीतलं सोनंच २०० डॉलरच्या वर जात होतं. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, चेक वटला म्हणजे तुम्ही व्यवहार मान्य केलात, आणि माल वितळवूनही झाला.

सोनं आज त्याच्या कितीतरी पट महाग आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात औंसाने ४,००० डॉलर ओलांडले. म्हणजे तीच चूक आज केली तर नुकसानही त्याच पटीत होईल. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

टपालाच्या व्यवहारात नेमकं काय उलटं होतं

सराफाच्या पेढीवर सोनं मोडायला गेलं की दागिना काट्यावर आपल्या डोळ्यांदेखत चढतो. कस आपल्यासमोर लागतो. भाव पटला नाही तर दागिना उचलायचा, रुमालात बांधायचा आणि पुढची पेढी गाठायची. ‘नाही’ म्हणायला आपल्याला काही खर्च नसतो. त्या फुकटच्या नकारातच आपली सगळी ताकद असते.

टपालात माल आधी जातो आणि भाव नंतर कळतो. वजन तेच करणार, कस तेच लावणार, खडे तेच काढणार, किंमतही तेच लिहिणार. तोवर दागिना हजार मैलांवर त्यांच्या ताब्यात असतो. नकार द्यायचा तर मुदतीत फोन करा, चेक परत पाठवा, कधी परतीचं टपाल स्वतः भरा आणि तोवर दागिना शाबूत असेल अशी आशा करा. ही मुदत बऱ्याचदा चेकवर छापलेल्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हाती चेक पडला त्या दिवसापासून नाही. दहा-बारा दिवसांची मुदत असली तर त्यातले चार-पाच दिवस टपालातच जातात.

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २००९ मध्येच एकसारखे सोन्याचे दागिने विकत घेऊन काही टपाल-कंपन्यांना पाठवून पाहिले. त्या दिवसाच्या सोन्याच्या किमतीच्या ११ ते २९ टक्के एवढेच पैसे आले. तेच दागिने दुकानांत आणि सोनं गहाण ठेवून घेणाऱ्यांकडे दाखवले तेव्हा ३५ ते ७० टक्के सांगितले गेले. सोनं एकच, कस काढणारं यंत्रही बहुधा सारखंच. फरक होता तो दागिना कुणाच्या हातात असताना भाव ठरला, याचा.

त्या काळात आणखी एका प्रकाराच्या तक्रारी खूप झाल्या. चेक पाहून चिडलेल्या माणसाने फोन केला की तिथल्या तिथे रक्कम दुप्पट-तिप्पट होत असे. फोन न करणाऱ्याला मात्र पहिलीच रक्कम. तुमच्याबाबतीत असं घडलं तर वाढीव आकड्याने खूश होऊ नका. पहिला आकडा मुद्दाम कमी ठेवला होता, एवढाच त्याचा अर्थ. दागिना परत मागा.

टपालाचे सगळेच व्यवहार फसवे असतात, असं माझं म्हणणं नाही. काही सोनं गाळणाऱ्या कंपन्या टपालाने माल घेतात आणि नेटका भावही देतात. पण नेटकी कंपनी कोणती हे ओळखायला आपला आकडा आपल्याकडे आधी तयार हवा. तो कसा काढायचा, ते आता.

पहिली पायरी: मोडीत काय घालायचं आणि काय नाही

सगळे दागिने टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडा. टपालाने घेणारी कंपनी फक्त धातूचे पैसे देते. घडणावळ, नक्षी, जुनेपणा, मोती, माणिक, पाचू यांचं मोल तिच्या हिशेबात शून्य असतं. खड्यांचं वजन मात्र ती वजा करते आणि काढलेले खडे परत येतीलच असं नाही.

आपल्या मराठी दागिन्यांत यामुळे जास्तच गोंधळ होतो. बोरमाळेचे मणी आणि कोल्हापुरी साजातली कित्येक पानं आतून पोकळ असतात, त्यांत लाख भरलेली असते. नुसत्या वजनावर ती मोठी वाटतात, पण वितळवली की सोनं बरंच कमी निघतं. न सांगता पाठवलंत तर कंपनी ‘घट’ म्हणून हवं तेवढं कापू शकते आणि तुमच्याकडे म्हणायला काही राहत नाही. चिंचपेटी, तन्मणी, नथ यांत सोनं थोडं आणि मोती जास्त, तेव्हा ते वजनावर विकण्यात अर्थच नाही. पणजीच्या नथीतले मोती खरे असतील तर तिच्यातल्या सोन्यापेक्षा तेच महाग निघू शकतात. असे डाग बाजूला ठेवा आणि जुन्या दागिन्यांची पारख असलेल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

पाटल्या, भरीव बांगड्या, गोठ, साध्या साखळ्या, मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या, एकेकट्या राहिलेल्या कुड्या, वळी: यांचा हिशेब सोपा असतो. विकायचेच तर हे. सोन्याची नाणी मात्र दागिन्यांत मिसळू नका. ब्रिटिश गिन्नी साधारण ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरेटची असते, आणि नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे ती मोडीच्या भावापेक्षा वर जाऊ शकते.

दुसरी पायरी: घरी वजन

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पंधरा-वीस डॉलरला मिळतो. तो बरोबर आहे का हे पाहायला अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं घ्या, ज्याला निकल म्हणतात. नव्या निकलचं वजन नेमकं ५ ग्रॅम असतं. पाच नाणी ठेवली की काट्याने २५ च्या अगदी जवळचा आकडा दाखवायला हवा.

प्रत्येक दागिना वेगळा तोला आणि काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. काळे मणी, दोरा, खडे असतील तर तसं लिहून ठेवा. वेगवेगळ्या कॅरेटचे दागिने एकत्र कधीच तोलू नका आणि दुसऱ्यालाही तोलू देऊ नका. १४ कॅरेटच्या अंगठीशेजारी २२ कॅरेटची पाटली एकाच पारड्यात बसली की सगळ्या ढिगाला १४ चा भाव लागण्याची वाट मोकळी होते.

मग परिमाणं. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून सावकाश वाचा.

सोन्याचा औंस स्वयंपाकघरातला नाही. ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, साधा औंस २८.३५ ग्रॅमचा. ट्रॉय औंसाचे २० भाग केले की एक पेनीवेट, म्हणजे १.५५५ ग्रॅम. अमेरिकेतले बरेच जुने व्यापारी पेनीवेटमध्ये तोलतात. त्यात वावगं काही नाही. पण पेनीवेटचा आकडा घ्यायचा आणि भाव ग्रॅमचा लावायचा, ही जुनी लबाडी आहे. ४० ग्रॅमच्या पाटल्या काट्यावर २५.७ दिसतात, आकडा ओळखीचा वाटतो, भावही ओळखीचा वाटतो आणि तिथल्या तिथे एक तृतीयांशाहून जास्त रक्कम नाहीशी होते.

आपल्या घरातला घोळ तोळ्याचा. आजी ‘चार तोळ्यांच्या पाटल्या’ म्हणायची तेव्हा तिचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असण्याची शक्यता आहे. आजच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. म्हणजे चार तोळे कधी ४० ग्रॅम, तर कधी साडेसेहेचाळीसच्या वर. आठवणीतल्या तोळ्यावर भाव करू नका, काट्यावरचे ग्रॅम घ्या.

तिसरी पायरी: कस

भिंगातून ठसा शोधा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४, ४१७ म्हणजे १०. भारतातल्या नव्या दागिन्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी ठसा, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक, असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. पण भारतात हॉलमार्किंगची योजनाच २००० साली आली, ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं व्हायला जून २०२१ उजाडला आणि एचयूआयडीशिवाय विक्रीला बंदी १ एप्रिल २०२३ पासून. आपल्या लग्नातले, आईच्या लग्नातले दागिने बहुतेक त्याआधीचे. त्यांच्यावर फार तर पेढीचं नाव, ‘२२’ किंवा ‘केडीएम’ (कॅडमियमचा डाख दिल्याची खूण) एवढंच असतं. कधी तेही नसतं.

अमेरिकेत रोज दिसणारा माल १० आणि १४ कॅरेटचा. तिथल्या एखाद्या टपाल-कंपनीच्या टेबलावर बिनठशाची पिवळीजर्द पाटली पडली की ती २२ कॅरेटची आहे, हे सिद्ध करायला तुम्ही तिथे नसता. म्हणून पाठवण्याआधीच कस लावून घ्या. देशी सराफाच्या दुकानात बहुधा एक्स-रे किरणांनी कस सांगणारं यंत्र असतं. दोन मिनिटांचं काम, दागिन्याला ओरखडाही येत नाही. आकडा लेखी मागा किंवा यंत्राच्या पडद्याचा फोटो मागा. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असलेला किंवा लाख भरलेला दागिना त्याला फसवू शकतो. डाख दिलेल्या जागी कस कमी दिसतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी लावून पाहायला सांगा.

चौथी पायरी: आपला आकडा

समजा पाटल्यांची जोडी ४० ग्रॅम, २२ कॅरेट. हिशेबाला सोपा म्हणून भाव औंसाला ४,००० डॉलर धरू. तुम्ही त्या दिवसाचा खरा भाव घ्या.

४० ला ०.९१६ ने गुणलं की ३६.६४ ग्रॅम शुद्ध सोनं.
त्याला ३१.१०३५ ने भागलं की १.१७८ औंस.
त्याला ४,००० ने गुणलं की ४,७१२ डॉलर.

पाटल्यांत एवढ्या किमतीचं सोनं आहे. पूर्ण रक्कम कुणीच देणार नाही, गाळणावळ आणि नफा व्यापाऱ्याला हवाच. पण २२ कॅरेटच्या, भरीव, बिनखड्याच्या एवढ्या मालाला ९० टक्के किंवा त्याहून वर मागायला मुळीच कचरू नका. आता याच पाटल्यांवर वरचे प्रकार लावून पाहा. कुणी १८ कॅरेट धरलं तर मूळ रक्कमच ३,८५८ होते. पेनीवेटला ग्रॅमचा भाव लावला तर साधारण ३,०३०. आणि २००९ च्या तपासणीतल्या ११ ते २९ टक्क्यांनी, तर ५१८ ते १,३६६ डॉलर.

हा आकडा कागदावर लिहून पाकिटात, म्हणजे आपल्या पैशाच्या पाकिटात, ठेवा. पुढचं सगळं बोलणं त्याच्यावरून.

पाचवी पायरी: टपालाआधी तीन दुकानं

न्यू जर्सीत एडिसन-इझलिनचा ओक ट्री रोड, न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधला ७४ वा रस्ता, शिकागोत डेव्हॉन अव्हेन्यू, लॉस एंजलिसजवळ आर्टेशियात पायोनियर बुलेव्हार्ड, ह्यूस्टनमध्ये हिलक्रॉफ्ट. या भागांत २२ कॅरेट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मॅनहॅटनच्या ४७ व्या रस्त्यावर सोनं घेणारे ओळीने बसलेले आहेत. तिथे एकाच दुकानावर थांबू नका आणि दारात उभा राहून हाक मारणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

आत गेल्यावर चार गोष्टी विचारा: आजचा भाव किती धरलात, कस किती आला, वजन कशात केलंत, टक्के किती देता. चारही उत्तरं मिळाली तर आपला हिशेब जुळवून पाहता येतो. ‘सगळ्याचे मिळून इतके देतो’ असं कुणी म्हणालं तर दागिने उचला. ओळखपत्र मागितलं तर बिचकू नका. जुनं सोनं घेणाऱ्यांना बऱ्याच राज्यांत परवाना लागतो, विकणाऱ्याची ओळख नोंदवावी लागते, आणि ओळख मागणारं दुकान त्या अर्थाने बरंच.

देशी दुकानांत एक भाव रोखीचा आणि एक बदलीचा असतो. बदलीचा भाव वरचा, कधी ‘घट नाही’ असाही. पण बदल्यात घेतलेल्या नव्या दागिन्याच्या मजुरीत तो फरक भरून निघतो. नवीन दागिना हवाच असेल तर ठीक आहे, नाहीतर रोखीचाच भाव धरा.

ज्यांच्या गावात दोनशे मैलांत एकही धड सराफ नाही, त्यांचं काय, हे मला ठाऊक आहे. माझी मावसबहीण नेब्रास्कात राहते. तिला मी सांगितलं तेच इथे लिहिते: पुढच्या वेळी न्यू जर्सीला किंवा शिकागोला लग्नाला येशील तेव्हा पर्समध्ये घेऊन ये. सोनं नासत नाही. टपाल हा शेवटचा मार्ग.

सहावी पायरी: पाठवायचंच असेल तर

कंपनीला आधी ईमेल करा, फोन नको. उत्तर लेखी हवं. विचारायचं ते असं: तुमचा प्रत्यक्ष पत्ता आणि परवाना कोणत्या राज्याचा? २२ कॅरेटला आज किती टक्के देता, आणि भाव माल पोचल्याच्या दिवसाचा की तपासणीच्या? माझ्या लेखी होकाराआधी काहीही वितळवणार नाही, खडे काढणार नाही, हे कबूल आहे का? परतीची मुदत कोणत्या तारखेपासून? परत पाठवण्याचा खर्च आणि विमा कुणाचा? यातल्या एकाही प्रश्नाला गोल उत्तर आलं तर तिथेच थांबा. उत्तरं चांगली आली तरी त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (मुख्य सरकारी वकिलाच्या) ग्राहक विभागात आणि बेटर बिझनेस ब्युरो या ग्राहकांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या संस्थेकडे कंपनीच्या नावावर कसल्या तक्रारी आहेत, ते वाचा. नुसते मानांकनाचे तारे मोजू नका. ‘माल हरवला’, ‘वजन कमी दाखवलं’, ‘परत दिलं नाही’ हे शब्द शोधा.

कंपनीने पाठवलेलं फुकटचं पाकीट वापरू नका. त्यावरचा विमा किती, कुणाच्या नावावर आणि हरवल्यावर दावा कोण करणार, हे कंपनी ठरवते. तिच्या अटींत खाली कुठेतरी भरपाईची वरची मर्यादा लिहिलेली असते आणि ती तुमच्या पाटल्यांच्या जवळपासही नसू शकते. टपालाचा पातळ कागदी लखोटा तर यंत्रातून जाताना फाटतोही.

अमेरिकी पोस्टाची ‘रजिस्टर्ड मेल’ ही सेवा या कामासाठी आहे. ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. पार्सल ज्याच्या ज्याच्या हातातून जातं त्याची नोंद होते. त्यामुळे ते सावकाश पोचतं, आठवडा-दोन आठवडे धरून चाला. साध्या प्रायॉरिटी मेलमध्ये आपोआप मिळणारा विमा १०० डॉलरचा. फेडेक्ससारख्या खासगी कंपन्या दागिन्यांच्या पार्सलचं घोषित मूल्य, म्हणजे पाठवणाऱ्याने सांगितलेली किंमत, एका मर्यादेवर मानत नाहीत, फेडेक्सची ती मर्यादा १,००० डॉलर आहे. शिवाय घोषित मूल्य आणि विमा एक नव्हेत. १९५८ साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला, तोही रजिस्टर्ड टपालानेच, साध्या तपकिरी कागदात बांधून. विमा धरून खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट.

बांधणी अशी. प्रत्येक दागिना वेगळ्या छोट्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक. आत एक यादी: क्रमांक, वर्णन, ग्रॅम, कस, खड्यांची संख्या, आणि खाली ठळक ओळ की लेखी संमतीशिवाय वितळवू नये. यादीची प्रत घरी. पिशव्या हलणार नाहीत, वाजणार नाहीत अशा छोट्या खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मजबूत खोक्यात. रजिस्टर्डला प्लॅस्टिकची चिकटपट्टी चालत नाही. पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी पट्टी लावावी लागते, कारण प्रत्येक सांध्यावर पोस्टाचा शिक्का उमटायला हवा. बाहेर ‘सोनं’, ‘दागिने’ असा शब्द कुठेही नको. कंपनीच्या नावातच ‘गोल्ड’ असेल तर पत्त्यावर नावाची आद्याक्षरं चालतील का, ते आधी विचारा. तोलण्यापासून खोकं बंद होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, मध्ये तोडू नका. मग खिडकीवर कारकुनाच्या हातात द्या. रस्त्यावरच्या निळ्या पेटीत कधीही नाही.

पहिल्यांदा सगळं पाठवू नका. एक तुटकी कुडी, एखादं वळं पाठवा. तुमचं वजन आणि त्यांचं वजन, तुमचा कस आणि त्यांचा कस जुळतो का, ते पाहा. पन्नास-शंभर डॉलरच्या मालावर कंपनी कशी वागते, ते कळल्यावर पुढचं ठरवा.

सातवी पायरी: पोचल्यानंतर

ज्या दिवशी पोचल्याची सही दिसेल त्या दिवसापासून रोज ईमेल पाहा. देऊ केलेली रक्कम वजन, कस, भाव, टक्के अशी फोडून मागा. चेक आला तर तो बँकेत जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि घरात सर्वांना सांगा. आमच्या घरी नेमकी तीच चूक झाली. चेकच्या मागे बारीक अक्षरांत ‘वटवल्यास व्यवहार मान्य’ असं लिहिलेलं असतं. पैसे थेट खात्यात जमा करणारी कंपनी असेल तर आणखी सावध राहा. ‘माझ्या होकाराआधी पैसे पाठवू नका’ असं आधीच लिहून द्या.

आकडा पटला नाही तर त्याच दिवशी लेखी नकार. परत आलेलं पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा आणि पुन्हा तोला.

पार्सल हरवलं, तर पोस्टाकडे दावा पाठवल्याच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत करावा लागतो. तेव्हा विम्याची पावती लागतेच, पण किमतीचा पुरावाही लागतो. सराफाची जुनी पावती, कसाचा कागद, फोटो तिथे कामाला येतात. टपालाचा वापर करून फसवणूक झाली असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस या पोस्टाच्या तपास विभागाकडे, शिवाय एफटीसीकडे (फेडरल ट्रेड कमिशनकडे) आणि कंपनीच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा. एकट्याच्या तक्रारीने पैसे लगेच परत येतील असं नाही, पण एकाच कंपनीविरुद्धच्या तक्रारी एकत्र आल्या की सरकारी यंत्रणा हलते.

घरी येऊन सोनं नेणारा

हा प्रकार विक्रीचा नाही, पण टपालापेक्षा भयंकर आहे, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एफबीआयने जाहीर इशारा दिला. फोनवर कुणी सरकारी अधिकारी किंवा तांत्रिक मदतनीस बनून बोलतो. तुमचं खातं धोक्यात आहे, पैसे काढा, सोनं घ्या, आमचा माणूस येऊन सुरक्षित ठिकाणी नेईल, असं सांगतो. माणूस येतो, सोनं घेऊन जातो आणि पुन्हा दिसत नाही. बळी बहुतेक वयस्कर. आपले आईवडील सहा महिने इथे एकटे घरी असतात, फोनवर अधिकाऱ्याचा आवाज ऐकला की घाबरतात. त्यांना एवढंच सांगून ठेवा: कोणतंही सरकारी खातं कुणाच्या दारात सोनं न्यायला माणूस पाठवत नाही. फोन ठेवा आणि आम्हाला लावा.

कर आणि कागद

अमेरिकेत दागिना विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. वर्षाहून जास्त काळ जवळ असलेल्या सोन्याला संग्राह्य वस्तूंचा दर, म्हणजे जास्तीत जास्त २८ टक्के. आई हयात असताना तिने दिलेल्या दागिन्याला तिचीच मूळ खरेदी-किंमत धरतात. वारशाने आलेल्याला मात्र मृत्यूच्या वेळची किंमत. या दोहोंत करात मोठा फरक पडतो. म्हणून दागिना कुणाकडून, केव्हा आणि कसा आला, ते लिहिलेलं असावं. कर सल्लागाराला हा प्रश्न विकण्याआधी विचारा.

भारतात नेऊन विकायचा विचार असेल तर २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, रक्कम बँकेतून घ्या. आणि तिथल्या नातेवाइकाला दागिने कुरिअरने पाठवायला कधीही सांगू नका. बहुतेक खासगी कुरिअर कंपन्यांच्या अटींत दागिने न स्वीकारायच्या वस्तूंत मोडतात. ‘कपडे’ म्हणून पाठवलेला साज हरवला तर भरपाई कपड्यांचीही धड मिळत नाही.

डब्यातल्या चिठ्ठ्या

मी आता प्रत्येक दागिन्याबरोबर एक चिठ्ठी ठेवते. वजन ग्रॅममध्ये, ठसा काय, लाख आहे की भरीव, खडे किती, कुणी दिला, कोणत्या साली. माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. उद्या हा डबा तिच्या हातात जाईल तेव्हा तिला साज आणि बोरमाळ यांतला फरकही कदाचित सांगता येणार नाही, आणि पाकिटं तर तेव्हाही घरी येत असतीलच. म्हणून चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला तेच सगळं इंग्रजीत लिहिलं आहे. एका छोट्या पिशवीत नुसती पावती आहे, पुण्याच्या पेढीची, ८ ग्रॅमच्या साखळीची.